निम्मी सायकल

"सायकलीचं लगेज तिकीट काढायला लागंल," कांबळे कंडक्टर म्हणाले.

"सायकल? कुठली सायकल?" जयसिंगनं गाडीत चौफेर नजर फिरवली.

कांबळ्यांनी त्याच्या मांडीकडं बोट केलं. मांडीवर एक लहानसं चाक होतं, त्याला लागून साखळी आणि पॅडल, वर सीट.

"ही व्हय? हिला हँडल कुठाय? बिनहँडलाची सायकल बघितलीसा कधी?"

"हँडल ह्या मगदूम अण्णांच्या मांडीवर हाय की."

"मग त्यांना विचारा. माझा काय संबंध?"

कांबळे माझ्याकडं वळले. मी पुढचं चाक पोटाशी धरून शक्य तितका गरीब चेहरा केला. "मास्तर, ह्याला पॅडल दिसतंय का तुम्हाला? पॅडल नसलेल्या वस्तूला सायकल म्हणायचं असेल तर मग बाबागाडीलाही म्हणा."

पुढच्या बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कांबळ्यांनी दोन माणसांची दोन तिकिटं फाडली आणि "तुमच्या नादाला लागणाऱ्यानं नोकरी सोडावी" असं पुटपुटत मागं गेले. तेही हसतच होते.

हा खेळ दरवर्षीचा. दिवाळी उलटली, रस्त्याकडेची भातं कापून झाली, की मी आणि जयसिंग हावळ कोल्हापूरहून गगनबावड्याची एस.टी. पकडायचो. जयसिंगचं उद्यमनगरात टूलरूम होतं, म्हणजे यंत्रांचे साचे आणि सुटे भाग करायचा कारखाना, थोरल्या भावाबरोबर भागीत. मी तिथंच, काही शटर सोडून, पंपाला लागणारे रबराचे बुश आणि वॉशर बनवायचो. माझं नाव बाहुबली. माझ्या दंडाकडं बघून ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढं हसण्यासारखं फारसं नाही.

आमचं वेड म्हणजे ती सायकल. मोठं चाक खड्ड्यावरून जातं आणि लहान चाक खड्ड्यात पडतं, हे कुणीही सांगेल. पण कुण्या इंग्रज इंजिनिअरनं असा विचार केला, की लहान चाकांना पुढं-मागं स्प्रिंग आणि रबर दिलं, टायरात हवा ठासून भरली, तर काय होईल? तर ती मोठ्या सायकलींच्या नाकावर टिच्चून पळेल. आणि पळायची. खडीवरून जाताना चाकं खाली थरथरायची, पण माणूस वर निवांत बसलेला. शिवाय मधली एक खिट्टी उपसली की तिचे सरळ दोन भाग व्हायचे, एक पुढचा, एक मागचा.

ती आम्हाला भंगारात मिळाली. साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या कुण्या साहेबानं मागं टाकली असावी. मी एका ढिगात लोखंडी साचा शोधत होतो. हाताला हँडलसकट एक बारकं चाक लागलं आणि त्यावरची स्प्रिंगची बांधणी बघून मी तिथंच उकिडवा बसलो. तेवढ्यात पलीकडच्या ढिगावरून एक अनोळखी माणूस ओरडला, "ओ पावनं! पुढचं तुमच्याकडं हाय का? मागचं माझ्याकडं हाय!" तो जयसिंग. आमची ओळख झाली ती अशी.

मग कित्येक रविवार आम्ही त्या सायकलीत घातले. लोखंडाचं सगळं जयसिंगनं केलं. त्याच्या हातात जादू होती, हे मी आजही नाकारणार नाही. हँडलच्या नळीत स्प्रिंगबरोबर रबराचा एक लांब खांब असतो, तो पार कुजला होता. तो मी केला. शिल्लक पडलेलं विटकरी रबर होतं, तेच वापरलं. सायकल उभी राहिली त्या दिवशी आम्ही दोघं बापई माणसं तिच्याभोवती फिरत होतो आणि एकमेकांकडं बघत नव्हतो, कारण दोघांचेही डोळे भरले होते.

तेव्हाच ठरलं, ज्याला जे सापडलं ते त्याच्या घरी. पुढची निम्मी माझ्या बैठकीच्या खोलीत खिळ्यावर टांगली. बायको पद्मा म्हणाली, "लोक भिंतीला देवादिकांचे फोटो लावतात." पण रोज फडक्यानं पुसायची तीच. मागची निम्मी जयसिंगच्या घरी. रविवारी सकाळी दोघांनी आपापलं घेऊन यायचं, खिट्टी घालायची आणि आळीपाळीनं चालवायची. एकट्यानं चालवायची सोयच नव्हती, आणि आम्हाला ती नकोही होती.

पहिल्याच रविवारी आम्ही तिला वाकडं केलं. आनंदाच्या भरात कळंब्याच्या उतारावर डबलसीट निघालो, मी चालवायला आणि तो हँडलवर, आणि एका म्हशीला वाचवताना सरळ चरात. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा डावा पाय किंचित वाकला, त्या पायाच्या नळीवर बारीक सुरकुती पडली. त्या दिवसापासून सायकल डावीकडं ओढायची. "दाबून सरळ करू?" मी विचारलं होतं. जयसिंगनं नळीवरून बोट फिरवलं. "गार दाबली तर चिरंल, तापवली तर मऊ पडंल. राहू दे. आपल्याला दोघांनाच चालवायचीय." मग आम्ही शिकलो, उजवा हात जरा दाबून धरायचा. इतर कुणी बसलं तर बिचारा हमखास गटाराकडं जायचा.

आणि एक स्वप्न होतं. इंग्लंडात दरवर्षी सप्टेंबरात असल्या सायकलवाल्यांचा मेळा भरतो, हे जयसिंगला कळलं होतं. त्यांच्याशी पत्रव्यवहार तोच करायचा, माझं इंग्रजी थँक्यूला सुरू होऊन थँक्यूलाच संपायचं. दोघांनी जायचं ठरलं होतं. आपापली निम्मी आपापल्या बॅगेत. तिकडच्या विमानतळावर दोन बॅगा उघडायच्या, सगळ्यांदेखत खिट्टी घालायची. हे चित्र आम्ही चहावर इतक्या वेळा रंगवलं होतं, की पद्माला ते पाठ झालं होतं.

ज्या वर्षाचं मी सांगतोय, त्या वर्षी उन्हाळ्यात जयसिंग माझ्या शटरपाशी आला. "रबराचा खांब आणि एक करून ठेव. स्पेअर असू दे. आपण इंग्लंडला निघालो आणि तिथं फाटला म्हणजे?" मला कोण आनंद झाला. विटकरी रबर संपलं होतं, म्हणून चांगल्यातलं काळं घेतलं, साचा पुन्हा घासला आणि असा खांब केला की हातातून सोडवत नव्हता. पाऊस लागायच्या आत तो पुढची निम्मी बेअरिंगला ग्रीस करायला घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणून त्यानं स्वतःच खिळ्यावर टांगली. पावसाळ्यात आम्ही सायकल काढत नसू. सप्टेंबरात तो लेकीच्या बाळंतपणाला बंगळुरूला गेला. पद्मानं त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू दिले.

तर त्यानंतरची ही गगनबावड्याची फेरी.

स्टँडसमोर कौलारू हॉटेल होतं. त्याच्या अंगणात आम्ही दोन्ही भाग टेकवले, जयसिंगनं खिशातून खिट्टी काढली, टक्क असा आवाज झाला. पहिली फेरी नेहमी माझी. घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं, तोवर दुसऱ्यानं चहा प्यायचा.

"सांभाळून जा," जयसिंग म्हणाला. हे तो कधी म्हणायचा नाही.

मी बसलो आणि सवयीनं उजवा हात दाबला. सायकल थेट रस्त्याच्या मधे गेली. समोरून येणाऱ्या जीपवाल्यानं माझ्या आईची आठवण काढली. मी पुन्हा डावीकडं आलो, पुन्हा हात दाबला, पुन्हा तेच. मग हळूच हात सैल सोडला. सायकल नाकासमोर चालली होती. दोन्ही हात सोडले. तरी नाकासमोर. थंडगार वारा, दोन्हीकडं वाळलेलं सोनेरी गवत, खाली चाकांची ती ओळखीची थरथर, आणि हात हवेत पसरून चाललेला पन्नाशीपुढचा बाहुबली. मी मोठ्यानं हसत होतो. त्या दिवसाइतका आनंद मला त्या सायकलीनं कधी दिला नव्हता, ही गोष्ट मला अजून सलते.

परत आलो तो ओरडतच. "अरे मर्दा, सरळ चालतीय की!"

जयसिंगनं ग्लास तोंडाजवळ नेला होता, तो तसाच राहिला. "काय?"

"सायकल! हात सोडले तरी सरळ! फोर्क कधी केलास? बोलला नाहीस ते!"

"ते... ग्रीस करताना. म्हटलं बघू."

"गार दाबलास?"

"गारच. हळूहळू."

"आणि चिरला नाही?"

"नाही की. नशीब."

मी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि हॉटेलवाल्याला कांदाभजी सांगितली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं कौतुक केलं. तो खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, लाजतोय.

"पाना दे," मी म्हणालो. "फोर्कवर एवढा जोर दिलास, आतलं रबर दबलंय का बघतो."

"राहू दे की. भजी गार होतील."

"भजी अजून कढईत आहेत. दे पाना."

"बाहू, राहू दे म्हणतो ना."

पण रबर हा माझा प्रांत. त्यात मी कुणाचं ऐकत नसे. त्याच्या पिशवीतून पाना काढला, हँडलच्या नळीवरचा नट सोडवला, सायकल उलटी केली आणि तळहातावर खांब घेतला. काळा होता. माझ्याच हातचा, उन्हाळ्यात केलेला.

"स्पेअर घातलास? विटकरी कुठाय?"

"झिजला होता."

"रबर झिजलं आणि मला सांगितलं नाहीस? घरात डॉक्टर असताना गावभर औषध विचारत हिंडलास?" मी अजून हसतच होतो. हसतहसत फोर्कच्या डाव्या पायावर बोट फिरवलं. वाकलेली नळी दाबून सरळ करता येईल, पण तिच्यावर पडलेली सुरकुती जात नाही. ती बोटाला लागतेच. मी बोट वर नेलं, खाली आणलं. नळी गुळगुळीत होती. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. रंग तोच, फिकट निळा. हँडलखालचा रंगाचा उडालेला टवकाही जागच्या जागी. सुरकुती नव्हती.

"जयसिंग, हा आपला फोर्क नव्हे."

हॉटेलवाल्यानं भजी आणून ठेवली आणि गेला.

"फोर्क बदललास?"

"नुसता फोर्क नाही," तो म्हणाला. "पुढची निम्मी सगळीच नवी केलीय. ग्रीसला नेली तवाच बदलली."

"आणि मागची?"

"मागचीबी."

मला वाटलं मला नीट कळलं नाही. "आणि आपली कुठाय?"

"तिकडं."

"तिकडं कुठं?"

"इंग्लंडात."

समोरचा माणूस ओळखीचा वाटेना. "तू बंगळुरूला गेला होतास," मी म्हणालो. येड्यासारखं तेच पुन्हा म्हणालो. "लेकीच्या बाळंतपणाला गेला होतास."

"नात झाली ते खरं हाय. मी तिकडं होतो तवा. फोनवर कळलं."

"आणि लाडू?"

"कुरिअरनं पाठवले."

हे ऐकून मी हसलो असेन. त्याचा अर्थ त्यानं चुकीचा लावला असावा, कारण तो एकदम बोलायला लागला. मेळ्यात सगळे भोवती जमले, म्हणाला. भंगारातून उठवली म्हटल्यावर टाळ्या वाजवल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या साहेबाचा मोठा संग्रह आहे, त्यानं मागितली. तिच्याखाली पाटी लावतो म्हणाला, कुणी दुरुस्त केली त्याची. "मला नाही म्हणता आलं नाही, बाहू."

"पाटीवर कुणाचं नाव आहे?"

त्यानं भज्याचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"कुणाचं नाव आहे, जयसिंग?"

"माझं."

स्टँडवर एक गाडी येऊन लागली, माणसं उतरली. मला रडू येत होतं आणि त्या माणसासमोर रडायचं नव्हतं.

"मला सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं का? मी तर बॅग बघून ठेवली होती रे."

"सांगितलं असतं तर तू आला असतास," तो म्हणाला.

"मग?"

"मग पुन्हा निम्मं झालं असतं." आता तो माझ्याकडं बघत होता. "माझं सगळं निम्मं हाय, बाहू. कारखाना भावात निम्मा. घर निम्मं, मधे भिंत घालून. काम मी करायचं आणि बिलावर नाव थोरल्याचं. सायकल मिळाली ती पण निम्मी. मला वाटलं, एकदा, एका ठिकाणी तरी, कायतरी आख्खं माझं म्हणून लोकांनी बघावं. वाईट वाटतंय मला. पण खोटं कशाला बोलू, तिथं उभा होतो तवा लई बरं वाटलं."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. इतक्या वर्षांत हे त्यानं एकदाही सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "मला ती कधी निम्मी वाटलीच नाही."

त्यानं तोंड फिरवलं.

"खिळ्यावर माझ्या घरी निम्मी होती," मी म्हणालो. "पण माझ्या डोक्यात ती आख्खीच होती. कारण बाकीची तुझ्याकडं होती."

काळा खांब अजून माझ्या हातात होता. मला एकदम उन्हाळ्यातला तो दिवस आठवला. साचा दोनदा घासला होता मी. माझीच फसवणूक करायला लागणारं सामान मी इतक्या प्रेमानं करून दिलं होतं, तेही फुंकर मारून, कापडात गुंडाळून. जयसिंगनं ते दोन्ही हातांनी घेतलं होतं आणि "वा!" म्हणाला होता.

"एक सांग," मी म्हणालो. "टवके तिथल्या तिथं पाडलेस. रंग जुना दिसेल असा केलास. पद्मा रोज पुसते, तिलाही कळलं नाही. मग तेवढा फोर्क वाकडा का नाही केलास? मला जन्मात कळलं नसतं."

तो आपल्या हातांकडं बघत बसला. "प्रेसखाली धरला होता," तो हळूच म्हणाला. "दोनदा धरला. चांगला सरळ झाला होता फोर्क. मुद्दाम वाकवायला हात धजला नाही."

"त्याला धजला नाही."

"बाहू..."

"त्याला तुझा हात धजला नाही, जयसिंग."

मी रबराचा खांब परत नळीत घातला, नट आवळला. वाईट काम मला सवयीनंच जमत नाही, म्हणून नीट आवळला. सायकल उचलून त्याच्यासमोर उभी केली आणि हँडल त्याच्या हातात दिलं.

"घे. आता ही आख्खी तुझी."

"तू कसा येणार?"

"मी एस.टी.चा माणूस."

तो काही क्षण हँडल धरून उभा राहिला. मग पिशवी मागं बांधली, सीटवर बसला आणि कोल्हापूरच्या रस्त्याला लागला. एवढ्या लांब आम्ही तिला कधी नेलं नव्हतं. भजी तशीच राहिली. पैसे मी दिले, सांगितली मीच होती.

दुपारी परतीची गाडी लागली, तर कांबळेच. मला रिकाम्या हातानं चढताना बघून ते दारातच थांबले.

"काय अण्णा, आज निम्मी कुठाय?"

"नाही आणली."

"आणि हावळ?"

"ते सायकलीवरनं पुढं गेलेत."

"आख्ख्या?"

"होय," मी म्हणालो. "आख्ख्या."

त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि आणखी काही न विचारता एक तिकीट फाडून दिलं. मी खिडकीशी बसलो. मांडीवर काही नव्हतं, हात कुठं ठेवावेत ते कळेना.

असळज गाव ओलांडल्यावर तो दिसला. पाठ वाकवून, संथपणे पॅडल मारत चालला होता. गाडी जवळ गेली तशी मला वाटलं, तो वर बघेल. मी काच सरकवलीही होती. त्यानं बघितलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि गाडी त्याच्या बाजूनं पुढं निघाली.

मी मान वळवून बघत राहिलो. रस्ता तिथं लांबवर सरळ आहे. त्याचा उजवा हात मात्र दाबलेला होता, आणि सायकल राहूनराहून रस्त्याच्या मधे येत होती. दरवेळी तो ती पुन्हा कडेला घ्यायचा, आणि पुन्हा त्याचा हात दाबला जायचा.